शालेय रसायनशास्त्रातील द्रव्यसंकल्पना आणि अणूचे स्थान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जे जागा व्यापते व ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य, या व्याख्येपासून शालेय रसायनशास्त्राचा प्रारंभ बहुधा केला जातो. त्यामागोमाग मूलद्रव्य, संयुग व मिश्रण ही विभागणी येते आणि लगेच अणू-रेणू येतात. हा क्रम इतका रूढ झाला आहे की, तो विषयाच्या स्वरूपातूनच आला असावा असा समज होतो. वस्तुतः अणूला वर्गात आणावयाचे की नाही, हा एकोणिसाव्या शतकातील नामवंत रसायनशास्त्रज्ञांमध्ये वादाचा विषय होता.

लाव्हाझिए यांनी १७८९ मधील आपल्या ग्रंथात, ज्याचे अधिक विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, अशी प्रयोगावर आधारलेली व्याख्या स्वीकारली. त्यांच्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णता यांचाही समावेश होता. परंतु यादी पुढे सुधारता येईल अशीच ती व्याख्या होती. १८०८ मध्ये जॉन डाल्टन यांनी अणुसिद्धान्त सविस्तर मांडला. पेशाने शिक्षक असलेल्या डाल्टन यांनी अध्यापनासाठी लाकडी गोल करवून घेतले होते. गोल हाताळता येत होते. अणुभार ठरविण्याचा निर्णायक मार्ग मात्र उपलब्ध नव्हता. पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. कानिझारो यांच्या १८५८ च्या लेखाने आणि १८६० च्या कार्ल्सरूए परिषदेने ही कोंडी बरीच फुटली, तरी विरोध संपला नाही. फ्रान्समध्ये मार्सलँ बर्थेलो यांनी अणुभारांऐवजी समभारांचाच पुरस्कार केला. १८८६-८७ मध्ये तर ते शिक्षणमंत्री होते. त्यामुळे तेथील शाळांमध्ये पाण्याचे सूत्र दीर्घकाळ 'एचओ' असेच शिकविले गेले. हा शास्त्रीय मतभेदापेक्षा अधिकाराचा प्रभाव होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

लाइपझिग येथील विल्हेल्म ओस्टवाल्ट यांची भूमिका याहून विचारार्ह आहे. १९०३-०४ मध्ये त्यांनी 'डी शूले देअर खेमी' हे गुरुशिष्यसंवादाच्या स्वरूपातील पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा प्रारंभ पदार्थ आणि त्यांचे गुणधर्म येथून होतो. १९०४ मध्ये लंडन येथील फॅरडे व्याख्यानात, रासायनिक संयोगाचे नियम अणूंच्या गृहीतकाशिवाय मांडता येतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या युक्तिवादाचे सार शाळेतील साध्या प्रयोगाने स्पष्ट होते. मिठाचे पाणी उकळत ठेवले, तर पाण्याची वाफ होत जाते तसतसे द्रावणाचे तापमान चढत जाते. शुद्ध पाणी उकळले, तर दाब कायम असता ते अखेरपर्यंत स्थिर राहते. पहिले द्रावण, दुसरा शुद्ध पदार्थ. शुद्ध पदार्थांपैकी ज्यांचे कोणत्याही ज्ञात रासायनिक रीतीने विघटन होत नाही, ती मूलद्रव्ये. या संपूर्ण मांडणीत एकही अदृश्य वस्तू नाही. तापमापी, चंचुपात्र आणि स्पिरिटचा दिवा एवढ्या साहित्यावर मिश्रण व शुद्ध पदार्थ यांतील भेद विद्यार्थी स्वतः पडताळून पाहू शकतो.

पुढे जाँ पेरँ यांच्या १९०८ च्या सुमाराच्या प्रयोगांनी अणूंचे अस्तित्व निर्विवाद झाले आणि ओस्टवाल्ट यांनीही १९०९ मधील आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते प्रांजळपणे मान्य केले. तथापि अणू खरे ठरल्याने अध्यापनक्रमाविषयीचा प्रश्न निकालात निघाला, असे होत नाही. इस्रायलमधील बेन-झ्वी, एलॉन व सिल्बरस्टाइन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहावीच्या अनेक विद्यार्थ्यांनी तांब्याच्या एका अणूलाही तारेचेच गुणधर्म बहाल केले होते. अशा विद्यार्थ्याच्या लेखी अणू म्हणजे तांब्याचा अतिसूक्ष्म तुकडा होय. ज्याला समीकरण संतुलित करता येते, परंतु रंग वा वर्धनीयता हे असंख्य अणूंच्या समूहाचे गुणधर्म आहेत हे उमगलेले नसते, असा विद्यार्थी महाविद्यालयीन प्राध्यापकांना अपरिचित नाही. मराठीत परिभाषेची भर पडते ती वेगळीच : हिंदीत ज्याला 'परमाणु' म्हणतात तो मराठीत 'अणू', आणि हिंदीतील 'अणु' म्हणजे मराठीतील 'रेणू'. हिंदी संदर्भग्रंथ हाताळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची यामुळे सहज गफलत होते.

भारतात या प्रश्नाला धीटपणे सामोरे जाण्याचा प्रयत्न मध्य प्रदेशात झाला. १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सहावी ते आठवीच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांतून अणू-रेणूंना जाणीवपूर्वक दूर ठेवले आणि प्रयोगांवर भर दिला. त्यावर टीकाही झाली. अणूविना विज्ञान अपुरे राहते, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मात्र त्याचे उत्तर माध्यमिक स्तरावरच देता आले असते. आधी हाताळलेल्या पदार्थांचे स्पष्टीकरण म्हणून तेथे अणूला आणता आले असते. कार्यक्रम नववी-दहावीपर्यंत कधीच पोहोचला नाही, आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.