उंधेऱ्यातील निम्मी माणसे

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. त्यानंतर ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी मृत जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली; परंतु लस निर्धोक असणे वेगळे आणि गुणकारी असणे वेगळे, व गुण पारखायचा तर न टोचलेल्यांचा गट, म्हणजेच नियंत्रण गट, तुलनेसाठी लागतो. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या कैद्यांमध्ये रोगी कमी निघाले खरे, पण ते आपणहून पुढे आलेले होते, आणि असे लोक मुळातच अधिक धडधाकट असतील तर श्रेय लसीला द्यावे की प्रकृतीला, हा प्रश्न उरतोच.

१८९८ च्या आरंभी बडोदा संस्थानातील उंधेरा या गावी ही उणीव बरीचशी भरून निघाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली, त्यामुळे टोचलेले व न टोचलेले एकाच छपराखाली, त्याच उंदरांच्या व पिसवांच्या सहवासात राहिले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना तो झाला व त्यांतला एकच वाचला. लस निरुपयोगी असती, तर एकूण ३५ रोग्यांपैकी सुमारे १८ टोचलेल्यांत सापडायला हवे होते. अपेक्षित १८ आणि प्रत्यक्ष ८ यांमधील तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती, हे मोजणारी काय-वर्ग कसोटी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली. ती येथे लावल्यास उत्तर दहा हजारांत एकाहूनही कमी येते. अर्थात ही कसोटी प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र धरते, आणि एका घरातील माणसे रोगाच्या बाबतीत तशी नसतात, म्हणून हा आकडा थोडा सैल हातानेच घ्यावा.

शिवाय, घरातील कोणाला टोचायचे हे टोचणाराच ठरवीत होता, आणि या दोषावर गणिताचा इलाज चालत नाही. त्यासाठी चाचणीची आखणीच बदलावी लागते. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे गट पाडले आणि रुग्णाची निवड पक्की होईपर्यंत त्याचा गट बंद लिफाफ्यात ठेवून कोणाला औषध द्यायचे हा निर्णय डॉक्टरांच्या हातून काढून घेतला.