तळटीप : गोंडांची राजनगरी आणि केसलापूर
गोंडांची राजनगरी पाहायची तर चंद्रपूर, हा मूळ लेखकाचा सल्ला वास्तूंपुरताच खरा. चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले. परकोट उरला, पण गोंडांचा मोठा मेळा आज भरतो तो आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला. पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेसाठी गोंडांच्या मेसराम कुळातले लोक गोदावरीचे पाणी पायी वाहून आणतात. नव्या सुना पांढऱ्या साडीत देवापुढे येतात आणि त्या भेटीनंतरच कुळात धरल्या जातात. यावर आक्षेप असा, की नागोबा हे एका कुळाचे दैवत, त्यात राज्य कुठे आले? शिवाय जत्रेत गाऱ्हाणी ऐकायला भरणारा ‘दरबार’ही गोंड राजांचा नव्हे. निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमरम भीम १९४०मध्ये मारले गेल्यावर, निजामाच्याच अमदानीत, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. आक्षेप रास्त आहे. मात्र गाऱ्हाणी ऐकायला अधिकाऱ्यांना जत्रेतच यावे लागले, कारण गोंड समाज आधीपासून तिथे जमत होता. सरकारने दरबार भरवला, माणसे जमवली नाहीत. म्हणून चंद्रपूरचा कोट पाहणाऱ्याने (तो पाहावाच) सवड काढून केसलापूरही गाठावे. तारीख मात्र पंचांगात पाहून.