शेर, औंस आणि शियाचे लोणी

साबणाच्या अमेरिकन कृतीत ‘शिया बटर ८ औंस’ असे वाचले की तुमचा हात सहज मापाच्या कपाकडे जातो. कपावर आठ औंसांची रेघ असतेच. पण ती आकारमानाची असते, आणि साबणाच्या कृतीतला औंस बहुधा वजनाचा.

या दोन औंसांची गाठ पाण्याने बांधली आहे. १८२४ साली ब्रिटिश संसदेने इंपीरियल गॅलन ठरवला, तो ६२ अंश फॅरनहाइटला १० पौंड पाणी व्यापते तेवढा. त्याचे द्रव औंस १६० आणि १० पौंडांचे वजनी औंसही १६०. अमेरिकेने मात्र जुना, २३१ घन इंचांचा मद्याचा गॅलन सोडला नाही. म्हणून तुम्ही लंडनला असाल तर तुमचा द्रव औंस २८.४ मिलिलिटरचा, न्यू जर्सीला असाल तर २९.६चा.

शिया तर पाण्याहून हलके. त्याची घनता साधारण ०.९१. म्हणजे अमेरिकन कपभर शिया सुमारे २१५ ग्रॅम भरते आणि ८ वजनी औंस होतात २२७ ग्रॅम. तूट १२ ग्रॅमची, पाच टक्क्यांची. कॉस्टिक सोडा त्वचेला लागू नये म्हणून साबण करणारे साधारण पाचच टक्के स्निग्धांश जास्त ठेवतात. साबण एकट्या शियाचा असेल तर ती सगळी राखण कपातच संपते. शिया फेटलेले असेल, किंवा कपात दाबून न भरल्यामुळे मधे हवा राहिली असेल, तर तूट आणखी वाढते.

हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कने १७९९च्या आपल्या प्रवासवर्णनात पश्चिम आफ्रिकेतल्या शियाची तुलना हिंदुस्थानातल्या मोहाशी केली होती. दोन्ही झाडे एकाच कुळातली. मोहाच्या बियांचे तेलही थंडीत थिजते.

आणि औंसाचा हा घोळही आपल्या ओळखीचाच आहे. आपला शेर आठवा. धान्य मापी शेराने मोजायचे, तूप वजनी शेराने. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची उतरंड. छटाक, पावशेर, अच्छेर ही तराजूची. मापी शेर ज्वारीने भरला तर एक वजन, पोह्यांनी भरला तर दुसरेच. त्यात गावोगावचा शेर निराळा. वाण्याला हे पाठ असे. फसायचे ते गिऱ्हाईक.

१९५६च्या कायद्याने भारतात दशमान पद्धतीची वजनेमापे आली. वजनाला किलो, मापाला लिटर, अशी नावेच वेगळी झाली. परदेशातल्या आपल्या स्वयंपाकघरांत मात्र औंसाच्या रूपाने तो जुना शेर अजून नांदतो आहे.

तेव्हा कृतीत नुसते ‘औंस’ असेल तर आधी विचारा, वजनी की मापी? मापी असेल तर अमेरिकन द्रव औंसामागे २७ ग्रॅम धरा, वजनी असेल तर २८.३५. आणि शिया तराजूवरच घ्या. ते वितळो, थिजो, त्याचे वजन बदलत नाही.