लिनक्स कर्नलचे प्रकाशनचक्र
लिनक्स कर्नलचे प्रकाशनचक्र ही या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या ठरावीक कालावधीने प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे. पूर्वी विषम क्रमांकाच्या आवृत्त्या प्रयोगासाठी, तर सम क्रमांकाच्या सर्वसाधारण वापरासाठी असत, मात्र २.४ (जानेवारी २००१) नंतर २.६ येण्यास डिसेंबर २००३ उजाडला. आता नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांत निघते. पहिले दोन आठवडे लिनस तोरवाल्ड्स नवे बदल मुख्य शाखेत सामावून घेतात; ही मुदत हुकलेला बदल, कितीही उपयुक्त असला तरी, पुढील आवृत्तीपर्यंत थांबतो. त्यानंतर केवळ दोष दुरुस्त केले जातात आणि बहुधा दर रविवारी एक चाचणी आवृत्ती निघते. बदलांची नोंद गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत राहते. आधीच्या बिटकीपर प्रणालीचा मोफत वापर बंद झाल्यामुळे तोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती लिहावयास घेतली.