शेगडी बदलून कोणी द्यायची?

अमेरिकेत शेगडी आणि ओव्हन एकत्र असलेली ‘रेंज’ बिघडली, की प्रश्न उभा राहतो : दुरुस्ती की नवी? आणि हे ठरवायचे कोणी?

पूर्वी हमीपत्रातील बारीक अक्षरे अनेकदा ग्राहकाचे मूळ हक्कच काढून घेत. ४ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यावर स्वाक्षरी केली. १० डॉलरांहून महाग वस्तूची लेखी हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’, हे सांगणे बंधनकारक झाले. ‘पूर्ण’ हमीत वाजवी प्रयत्नांनंतरही दोष न गेल्यास नवी वस्तू की पैसे परत, ही निवड ग्राहकाची.

मात्र वेगळे पैसे भरून घेतलेली ‘होम वॉरंटी’ कायद्याच्या दृष्टीने हमी नव्हेच; तो सेवा-करार. तेथे हा निर्णय बहुधा कंपनी आपल्याकडेच राखते. शब्द तोच, हक्क मात्र निराळा.