एका तापाचा इतिहास

मी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. वैद्यकातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आजारांनाही इतिहास असतो, आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा कमी रंजक नसतो. आज अशाच एका तापाची गोष्ट सांगणार आहे. नात्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्याबद्दल वेळोवेळी विचारलं होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

जानेवारी १९६१. टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ताप हटत नव्हता. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. ओठ फुटून रक्त येत होतं, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, अंगावर पुरळ, मानेत गाठ. पुढे हातापायांच्या बोटांची साल निघाली. बालरोगतज्ज्ञ होते डॉ. तोमिसाकू कावासाकी, वय पस्तीस. त्यांनी ठाऊक असलेले सगळे आजार ताडून पाहिले. थोडं स्कार्लेट फीव्हरसारखं होतं, पण ते नव्हे. मुलगा आपोआप बरा झाला आणि घरी गेला. निदान मात्र झालं नाही.

पुढच्याच वर्षी तस्साच दुसरा मुलगा आला. मग कावासाकींच्या डोक्यात हा विषय पक्का बसला. १९६२ मध्ये त्यांनी वैद्यकीय सभेत सात रुग्णांची माहिती मांडली. तिथे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. हे आपल्याला माहीत असलेल्याच एखाद्या आजाराचं वेगळं रूप असणार, असं अनेक जाणत्यांना वाटत होतं. कावासाकींनी वाद घालत बसण्यापेक्षा नोंदी करणं पसंत केलं. एकेक मूल, एकेक लक्षण, कोणत्या दिवशी काय दिसलं. असे पन्नास रुग्ण झाल्यावर १९६७ मध्ये त्यांनी जपानी भाषेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दीर्घ निबंध छापला. इंग्रजीत ही माहिती यायला १९७४ साल उजाडलं. मधल्या काळात, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, हवाई बेटांवर डॉ. मॅरियन मेलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही अशीच मुलं दिसत होती, आणि जपानात कुणी हे आधीच लिहून ठेवलं आहे याची त्यांना सुरुवातीला कल्पना नव्हती!

आता या गोष्टीतला कठीण भाग. कावासाकींचा १९६७चा निबंध सांगत होता की हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही. पण त्याच सुमारास टोकियोतच काही डॉक्टरांना शंका येऊ लागली होती. अशा तापातून गेलेल्या एका मुलाचं अचानक निधन झालं, तेव्हा शवविच्छेदनात हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी सापडली. दुसऱ्या एका रुग्णालयातले डॉ. ताकाजिरो यामामोतो या मुलांच्या हृदयात बिघाड होतो असं म्हणत होते. १९७० मध्ये जपानभर पाहणी झाली आणि या आजारानंतर अचानक दगावलेल्या दहा मुलांच्या शवविच्छेदनांची माहिती पुढे आली. हा केवळ पुरळाचा ताप नव्हता. रक्तवाहिन्यांचा दाह होता, ज्याला डॉक्टर व्हॅस्क्युलायटिस म्हणतात.

म्हणजे काय, तर शरीराची संरक्षण यंत्रणाच चवताळते आणि धमन्यांच्या भिंती सुजतात. भिंत कमजोर झाली की तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला यायचा तसा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत असा फुगा आला की तिथे रक्त साकळू शकतं, आणि मग तीन वर्षांच्या मुलालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. फसवं असं की ताप दोनेक आठवड्यांत आपोआप उतरतो. मूल खेळायला लागतं, आईबाप देवाला नारळ फोडतात, आणि आत धमनी फुगतच असते.

गंमत म्हणजे हा आजार १९६१ मध्ये जन्माला आला असंही नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले डॉ. सॅम्युएल जी यांनी १८७१ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयाच्या धमन्यांत असेच फुगे आढळल्याचं नोंदवलं होतं. रोग होता, पण त्याला नाव नव्हतं. आणि नाव नसलेली गोष्ट शेजारून गेली तरी ओळखू येत नाही.

हे सारं मी का वाचत बसलो, ते आता सांगतो. २००९ मध्ये आमचा नातू, लेकीचा मुलगा, तीन वर्षांचा होता. ताप आला. गोवर असेल म्हणून झालं, औषधाचं पुरळ असेल म्हणून झालं, दोनदा अँटिबायोटिक बदलून झालं. पोर इतकं किरकिरं झालं होतं की आईलाही हात लावू देईना. सहाव्या दिवशी एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ओठ पाहिले, डोळे पाहिले, आणि मग त्याचा डावा दंड उघडा करून बीसीजीच्या लशीचा वण पाहिला. वण लाल होऊन सुजला होता. "हे कावासाकी वाटतंय," त्या म्हणाल्या. जावईबापूंना आधी मोटारसायकलच आठवली! लहानपणी बीसीजी दिलेल्या मुलांत ही खूण दिसू शकते, आणि आपल्याकडे तर ती लस सगळ्यांनाच देतात.

उपचार ऐकून आम्ही चक्रावलो. इम्युनोग्लोब्युलिन नावाचं द्रव्य शिरेतून द्यायचं, वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम. नातू चौदा किलोचा, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या. लेकीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. सोबत ॲस्पिरिन. दहा-बारा तास थेंब थेंब चालू होतं. हे द्रव्य हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढतात, असं बाईंनी सांगितलं. कोण कुठले ते हजार लोक! त्यांना हात जोडण्याखेरीज मी काय करणार?

हा उपायही असाच टप्प्याटप्प्याने आला. १९८४ मध्ये जपानचे डॉ. फुरुशो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे द्रव्य दिलं तर धमन्या फुगण्याचं प्रमाण कमी होतं. १९८६ मध्ये अमेरिकेत डॉ. जेन न्यूबर्गर आणि सहकाऱ्यांनी तुलना केली. नुसतं ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत दोन आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणांच्या धमन्यांत बिघाड होता, इम्युनोग्लोब्युलिनही दिलेल्यांत ८ जणांच्या. चार दिवस रोज देण्याऐवजी एकदाच मोठी मात्रा द्यावी, हे १९९१ मध्ये ठरलं. मात्र ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत ते मिळावं लागतं. आमच्या नातवाला सातव्या दिवशी मिळालं. त्याच्या इकोमध्ये एक धमनी किंचित रुंद दिसली होती, आठ आठवड्यांनी ती पूर्ववत झाली. तोवर रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी, आणि गोवरासारख्या जिवंत लशी अकरा महिने पुढे. आता तो कॉलेजात आहे आणि आजोबांचं काही ऐकत नाही. म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे!

एवढं होऊनही हा आजार नेमका कशामुळे होतो, ते अजून कळलेलं नाही. कोणतीही एक तपासणी 'हाच तो' असं सांगत नाही. तो ओळखायचा तो १९६१ सारखाच, मुलाकडे नीट पाहून. २०२० मध्ये करोनाच्या साथीत युरोपातल्या मुलांत याच्याशी मिळताजुळता दाहाचा आजार दिसला, तेव्हा डॉक्टरांना पहिली आठवण कावासाकींच्या वर्णनाचीच झाली. त्याच वर्षी जूनमध्ये कावासाकी पंचाण्णवाव्या वर्षी वारले. आजाराला जगाने त्यांचं नाव दिलं.

इतिहासाच्या तासाला मुलं विचारायची, सर, सनावळ्या कशाला पाठ करायच्या? १९६१ ते १९८४, तेवीस वर्षं. त्या काळात ज्या घरी असा ताप आला, त्यांच्याकडे आमच्यासारखा उपाय नव्हता. या एका वजाबाकीसाठी तरी सनावळी लक्षात ठेवावी, असं मला वाटतं.

असो. घरात लहान मूल असेल आणि ताप पाच दिवसांपुढे गेला, सोबत डोळे लाल, ओठ फुटलेले, पुरळ, हातपाय सुजलेले किंवा मानेत गाठ असं काही दिसलं, तर डॉक्टरांना "कावासाकी तर नसेल ना?" एवढं जरूर विचारा. बहुतेक वेळा नसेलच. पण विचारायला पैसे पडत नाहीत.