उष्णतेचा रहाट

भर उन्हाळ्यांत मुंबईच्या एखाद्या अरुंद गल्लींतून जातांना एकाएकीं गरम वाऱ्याचा झोत अंगावर येतो. मान वर करून पाहिलें तर कोणाच्या तरी खिडकीबाहेर वातानुकूलनाची पेटी घरघरत असते. आंतल्या माणसांना ती थंडावा देते आणि त्यांच्या खोलींतली उष्णता रस्त्यावरच्या माणसाच्या माथीं मारते. हा दुसरा भाग आपण तिचा उपद्रव समजतों. परंतु ज्या देशांत वर्षांतले सहा महिने थंडी हाच खरा शत्रु असतो, तेथें हीच पेटी उलटी बसविली तर काय होईल? ती अंगणांतल्या हिवाळ्यांतून उष्णता उपसून घरांत आणून सोडील. या उलट्या पेटीची हकीकत मी आज सांगणार आहें. ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यांत यंत्रापेक्षां माणसांच्या हिशेबाचाच भाग अधिक आहे.

बर्फाळ हवेंत उष्णता कोठून असणार, ही पहिली शंका. हाताला जें गार लागतें त्याला आपण थंड म्हणतों. पदार्थविज्ञानाचें माप निराळें आहे. पाणी गोठतें त्या बिंदूच्या खालीं आणखी २७३ अंश उतरावें, तेव्हां कोठें उष्णतेचा तळ लागतो. म्हणजे बर्फाळ हवा ही उष्णतेची भरलेली विहीरच. तिचें पाणी जरा खालीं आहे इतकेंच. विहिरींतलें पाणी आपण होऊन वर येत नाहीं, त्यासाठीं रहाट लागतो. रहाटाला जुंपलेला बैल पाणी निर्माण करीत नाहीं, तो तें वर आणतो. विहीर उथळ असेल तर थोड्या श्रमांत पुष्कळ पाणी निघतें, खोल असेल तर बैल दमतो. या यंत्राचेंहि तसेंच. लवकर उकळणारा एक द्रव त्याच्या बंद नळ्यांतून फिरत असतो. बाहेरच्या नळींत दाब कमी, म्हणून गार हवेची उष्णता शोषूनहि त्याची वाफ होते. दाबयंत्र ती वाफ दाबतें तेव्हां ती तापते. घरांतल्या नळींत ती आपली उष्णता टाकून पुन्हां द्रवरूप होते. विजेच्या शेगडींत एक भाग वीज घातली तर एक भाग ऊब मिळते. येथें एक भाग विजेनें तीन-चार भाग ऊब घरांत येते.

या विचाराचें मूळ १८२४ सालीं पॅरिसमध्यें प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पुस्तकांत आहे. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अधिकाऱ्यानें त्यांत असें दाखविलें कीं, धबधब्याचें पाणी जसें वरून खालीं पडतांना चाक फिरवितें, तशी उष्णता अधिक तपमानाकडून कमी तपमानाकडे उतरतांना इंजिनाला बळ देते. पुस्तकाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं, आणि १८३२ मध्यें पटकीच्या सांथींत ग्रंथकर्ताहि छत्तिसाव्या वर्षीं वारला. ज्या सालीं तें पुस्तक निघालें त्याच सालीं बेलफास्ट येथें विल्यम टॉमसन जन्मला. हेच पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले. चाक फिरवून पाणी उलट वर चढवितां येतें, मग उष्णता कां चढवूं नये, असा प्रश्न टॉमसननें १८५२ मध्यें ग्लासगोच्या एका विद्वत्सभेपुढें ठेविला, त्या वेळीं त्याचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें. त्याचा निबंध हवेच्या प्रवाहांनीं इमारती उबदार किंवा थंड करण्यांतील काटकसरीविषयीं होता. एका नळकांड्यांत बाहेरची हवा ओढून विरळ करावयाची, म्हणजे ती गारठते. लोखंडी टांकींतून ती फिरवावयाची, म्हणजे बाहेरच्या हवेची उष्णता ती टांकीच्या भिंतींतून घेते. आणि दुसऱ्या नळकांड्यांत दाबून ती घरांत सोडावयाची, म्हणजे ती ऊन होऊन येते. आदर्श यंत्र असेल तर प्रत्यक्ष जाळून लागेल त्या उष्णतेच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्शाएवढें काम पुरेल, असें त्याचें गणित होतें. याच यंत्रानें उष्ण देशांतलीं घरें थंड करतां येतील, हेंहि त्यानें सांगितलें होतें. एकाच कागदावर आपली मुंबईची पेटी आणि ग्लासगोची शेगडी अशीं दोन्हीं मांडलेलीं होतीं!

यंत्र मात्र कोणी बांधलें नाहीं. त्यांत इंग्रज गृहस्थाची कांहीं चूक होती असें मला वाटत नाहीं. त्याच्या दारांत स्वस्त कोळसा येऊन पडत होता, आणि त्या काळचें वाफेचें इंजिन कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामांत उतरवीत होतें. थंडीची गोष्ट वेगळी होती. ऊब देण्यास कोळसा होता, लांकूड होतें. थंडी देण्यास बर्फाशिवाय कांहींच नव्हतें. म्हणून यंत्राची एक बाजू भराभर वाढली. जेकब पर्किन्सनें १८३४ मध्येंच बर्फाच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. पुढें ऑस्ट्रेलियांत जेम्स हॅरिसननें तें धंद्यांत आणलें. १९०२ मध्यें विलिस कॅरिअरनें ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं, कागद दमट होऊन रंग सरकूं नयेत म्हणून, हवेंतली आर्द्रता काबूंत ठेवणारी योजना आंखली. माणसाच्या सुखासाठीं नव्हे, तर कागदाच्या सुखासाठीं वातानुकूलन जन्मास आलें, ही गंमत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ऊब देणारी दुसरी बाजू मात्र पाऊणशें वर्षें अडगळींत पडून राहिली. १९३० मध्यें ग्रेम हाल्डेन नांवाच्या विद्युत्-यंत्रज्ञानें स्कॉटलंडमधील आपल्या घरीं केलेल्या प्रयोगांवर निबंध वाचला, तेव्हां ती पुन्हां उजेडांत आली. पुढें भारतांत येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें निवर्तलेले जे. बी. एस. हाल्डेन हे याचेच चुलतबंधु.

ज्या देशांत कोळसा नाहीं आणि डोंगरांतल्या पाण्यावर वीज मात्र मुबलक आहे, त्या स्वित्झर्लंडनें या यंत्राला पहिला मानाचा पाट दिला. झूरिकचा टाउन हॉल सतराव्या शतकाच्या अखेरीस लिम्माट नदीच्या पात्रांतच बांधलेला आहे. आंत लांकडी कोरीवकाम, आणि ऊब जुन्या शेगड्यांची. १९३८ च्या सुमारास तेथें एशर विस कंपनीचें यंत्र बसलें. खिडकीखालून वाहणाऱ्या नदीची उष्णता घेऊन तें साठ अंशांचें पाणी इमारतभर फिरवीत असे. वीज घातली त्याच्या दुप्पटच ऊब मिळे. आजच्या मानानें ही कमाई थोडी आहे. परंतु युद्धांत परदेशचा कोळसा आटला तेव्हां तिचें मोल कळलें. शहराच्या पोहण्याच्या तलावालाहि मग असेंच यंत्र आलें. टाउन हॉलमधलें तें यंत्र २००१ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षें, चाललें.

इंग्लंडची गोष्ट नॉरिच शहरांत घडली. जॉन सम्नर हे तेथील नगरपालिकेचे विद्युत्-यंत्रज्ञ. १९४२ च्या बाँबवर्षावांत शहर भाजून निघालें होतें, लोखंडापासून लांकडापर्यंत सर्व जिन्नसांना परवाने लागत होते, आणि अशा दिवसांत या गृहस्थानें जुन्या-पान्या भागांची जुळवाजुळव करून १९४५ मध्यें आपल्या खात्याच्या इमारतीसाठीं उष्णतेचा रहाट उभा केला. विहीर म्हणजे जवळून वाहणारी वेन्सम नदी. नळ्यांतला द्रव म्हणजे सल्फर डायॉक्साइड, जो गळला तर ठसक्यानें माणूस गुदमरेल. हिवाळाभर मोजमाप ठेवलें, आणि वीज घातली त्याच्या जवळजवळ साडेतीन पट ऊब मिळाली असें आढळलें. हे आंकडे त्यांनीं यंत्रज्ञांच्या संस्थेपुढें निबंधरूपानें मांडले. १९४७ च्या फेब्रुवारींत ब्रिटनवर हिमाची अशी धाड आली कीं कोळशाच्या वाघिणी रुळांवर अडकल्या, कारखाने बंद पडले, घरांतले दिवे दिवसाचे कांहीं तास मालवावे लागले. वीज व कोळसा दोन्हीं वांचविण्याची याहून मोठी निकड कोणती असावी? तरीहि नॉरिचचा कित्ता कोणी गिरविला नाहीं. १ एप्रिल १९४८ रोजीं विजेचें राष्ट्रीयीकरण झालें आणि नगरपालिकांचीं वीजखातीं गेलीं. सम्नर यांनीं पुढें स्वतःच्या घराला जमिनींतून उष्णता घेणारें यंत्र बसविलें, आणि १९७६ मध्यें घरगुती उष्णता-पंपावर पुस्तक लिहिलें. तीस वर्षें एकाच गोष्टीचा पाठपुरावा करणारीं माणसें इतिहासांत फार नसतात.

मधल्या काळांत लंडननें एक देखणी फजिती करून घेतली. १९५१ मध्यें थेम्सकांठीं रॉयल फेस्टिव्हल हॉल उघडला. त्यासाठीं नदींतून उष्णता उपसणारें यंत्र बांधलें, आणि तें चालविण्यास काय घेतलें, तर युद्धांत लढाऊ विमानें उडविलेलीं मर्लिन इंजिनें, कोळशाच्या वायूवर चालतील अशीं फिरवून! यंत्र उत्तम चाललें. परंतु तें इमारतीच्या गरजेहून इतकें मोठें होतें कीं हिशेब जुळेना, आणि थोड्या वर्षांत तें काढून टाकलें. नॉरिचचा जुन्या-पान्याचा पंप विसरला गेला. लक्षांत राहिली ती फेस्टिव्हल हॉलची फजिती.

येथें विरोधकांची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. त्या काळच्या वीजघरांत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकीं पांचव्या हिश्शाच्या आसपासच वीज होऊन बाहेर पडे. म्हणजे शंभर भाग कोळशाचे वीस-बावीस भाग वीज, आणि तिचे साडेतीन पट केले तरी सत्तर-पंचाहत्तर भाग ऊब. घरांतल्या उघड्या शेगडीपुढें ही कमाई मोठी खरी, कारण शेगडीची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत जाते. पण चांगला बॉयलर घरांतच तेवढी देत असेल तर एवढा खटाटोप कशाला? याच सुमारास तो चांगला बॉयलर आणि त्याचें जळण दोन्हीं दाराशीं आलीं. १९५२ च्या डिसेंबरांतल्या काळ्या धुक्यानें लंडनमध्यें हजारों माणसें दगावलीं, १९५६ मध्यें धुराविरुद्ध कायदा झाला, आणि १९६५ मध्यें उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागांत नैसर्गिक वायु सांपडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारें १ कोटि ३० लक्ष गिऱ्हाइकांच्या घरीं कारागीर फिरले आणि प्रत्येक चुलीचा, प्रत्येक बंबाचा जाळ नव्या वायूसाठीं बदलून देण्यांत आला. शांततेच्या काळांत एवढें घरोघरचें काम फार थोड्या राष्ट्रांनीं केलें असेल. धूर गेला, राख गेली, पहांटे उठून शेगडी पेटविणारी गृहिणी मोकळी झाली. हें सुख लहान समजूं नये.

हॉलंडांत हीच गोष्ट आणखी झपाट्यानें घडली. १९५९ मध्यें ग्रोनिंगन प्रांतांत स्लोख्टेरन गांवाजवळ वायूचा अफाट सांठा लागला, आणि दहा वर्षांच्या आंत बहुतेक डच घरांत त्याची निळी ज्योत आली. सरकारचा खजिना भरला. पण जमिनीखालून वायु निघाला तसा खडक दबत गेला. १६ ऑगस्ट १९१२ नव्हे, तर पुरीं शंभर वर्षें पुढें, १६ ऑगस्ट २०१२ रोजीं, हाउझिंगे गांवाखालीं ३.६ प्रतीचा भूकंप झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना धरणीकंप हा शब्द पुस्तकांतूनच ठाऊक, त्या सपाट मुलखांतल्या शेतकऱ्यांच्या विटांच्या भिंतींना तडे गेले. नुकसानीच्या चौकशा वर्षानुवर्षें रेंगाळल्या. ग्रोनिंगनच्या रहिवाशांच्या हिताकडे सतत डोळेझांक झाली, असा निर्वाळा संसदेच्या समितीनें २०२३ मध्यें दिला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत उपसा थांबला, आणि २०२४ च्या एप्रिलांत क्षेत्र कायद्यानें कायमचें बंद झालें. नवीन घरांना वायूची जोडणी देणें तर २०१८ पासूनच बंद झालें होतें. २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि रशियन वायूवर विसंबलेल्या युरोपच्या बिलांनीं मध्यमवर्गाचीहि झोंप उडविली, तेव्हां केल्व्हिनचा रहाट हा एकदम घरोघरच्या बोलण्याचा विषय झाला.

आतां जुनें गणितहि बदललें आहे. नव्या वायु-वीजघरांत जळणाची निम्म्याहून अधिक उष्णता विजेंत उतरते, आणि वाऱ्याच्या व पाण्याच्या विजेला तर जळणच लागत नाहीं. यंत्राचा एक दोषहि मधल्या काळांत उघडा पडला: नळ्यांतून फिरणारे जुने फ्रिऑन-वर्गीय द्रव आकाशांतल्या ओझोनचा थर खातात, म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानें ते हटविण्यास सुरुवात झाली, त्यांच्या जागीं आलेले कित्येक द्रव पृथ्वी तापविणारे निघाले, आणि आतां साध्या प्रोपेनकडे कारखानदार वळले आहेत.

राहतो तो दराचा प्रश्न. नॉर्वेंत घरोघर वायूचे नळ कधीं पोंचलेच नाहींत आणि पाण्याची वीज स्वस्त. तेथें निम्म्याहून अधिक घरांत हा रहाट चालतो. ब्रिटनमध्यें २०२४ सालीं घरगुती विजेचा दर वायूच्या सुमारें चौपट होता. यंत्र एकाचे तीन करतें आणि वीज एकाला चार मागते! जुन्या विटांच्या घरांत राहणाऱ्या, भिंती व खिडक्या नीट बंदिस्त करण्यास पैसा नसलेल्या कुटुंबानें हा हिशेब मांडला तर तें वायूचाच बॉयलर पुन्हां बसवितें, आणि त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाहीं. जर्मनींत २०२३ मध्यें बॉयलरांच्या कायद्यावरून जें वादळ उठलें त्याच्या मुळाशीं हीच गृहस्थी धास्ती होती: शंभर रुपयांची ऊब कोणी दीडशें देऊन घ्यावी, आणि वरचे पन्नास कोणी भरावे?

या प्रश्नाचें उत्तर देश आपापल्या परीनें शोधीत आहेत. कोणी यंत्राच्या किंमतींत मदत देतो, कोणी विजेवरचा कर उतरवितो. ब्रिटनमधल्या दर पांच घरांपैकीं चारांत अजून वायूचाच बॉयलर आहे, आणि झूरिकच्या टाउन हॉलखालून लिम्माट वाहतेच आहे.